हँग झालाच पाहिजे

कंप्युटर हँग झाला तेव्हा पडद्यावर मेहुणीचं तोंड होतं आणि ते शिंकेच्या बेतात होतं. डोळे मिटलेले, नाक वर, ओठ अर्धवट उघडे. शिंक काही बाहेर येईना आणि मेहुणी काही पूर्वपदावर येईना.

"अहो, लवकर या! ताई अडकलीय!" आतल्या खोलीतून बायकोची हाक आली.

"कितव्या मजल्यावर?" लिफ्टवाले पेपर टाकून उठलेच.

त्यात त्यांचा दोष नव्हता. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला. 'अडकली' असं कानावर पडलं की त्यांचे पाय आपोआप उठत. निवृत्त झाले तरी इमारतीत त्यांना नावाने कुणी ओळखत नव्हतं. ते सगळ्यांचे लिफ्टवालेच होते.

त्यांनी माउस हलवून पाहिला. बाण जागचा हलेना. दिसतील ती बटणं दाबून झाली. शेवटी सीपीयूचं मोठं बटण दाबून धरलं, तेव्हा कुठे मेहुणीची सुटका झाली.

"मी ताईशी बोलायला लागले ना, की थोड्या वेळाने असंच होतं," बायको म्हणाली. "परवा झालं, कालही झालं."

"बोलण्याने मशीन बंद पडत नसतं," लिफ्टवाले म्हणाले. "तसं असतं तर या घरातलं एकही मशीन चाललं नसतं."

बायकोने एरवी याचा समाचार घेतला असता, पण आज तिला तेवढी उसंत नव्हती. शुक्रवारी तिची मुलाखत होती. फ्रीज बनवणाऱ्या एका कंपनीला घरी बसून तक्रारी ऐकणारी माणसं हवी होती. गिऱ्हाईक पडद्यावर दिसणार, त्याला आपण दिसणार, आणि तो जे काय बोलेल ते शांतपणे ऐकून घ्यायचं. लग्नाआधी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. पुढे फोन आपले आपण जोडले जायला लागले आणि तिची खुर्ची गेली. तेव्हापासून तिच्या आवाजाला कुणी पगार दिला नव्हता. ही नोकरी तिला मनापासून हवी होती. म्हणून ती रोज बहिणीला खोटं गिऱ्हाईक बनवून सराव करत होती.

"तक्रारी ऐकायचा पगार देतात?" लिफ्टवाल्यांनी पहिल्या दिवशीच विचारलं होतं.

"इतकी वर्षं फुकट ऐकल्या. आता पगार घेऊन बघते."

तर आता कंप्युटर दुरुस्त करायचा विडा लिफ्टवाल्यांनी उचलला. संशय कुणावर घ्यायचा हे ठरलेलंच होतं. राउटर बाहेरच्या खोलीत, कंप्युटर आतल्या खोलीत. पूर्वी मधून एक लांबलचक वायर जायची. एकदा तिच्यात पाय अडकून लिफ्टवाले चहाच्या कपासकट आडवे झाले, तेव्हा साडूभाऊंनी मोठ्या मनाने एक वायरलेस कार्ड आणून बसवलं. "आमच्याकडे पडूनच होतं," असं म्हणाले आणि दोन वेळा जेवून गेले. वायर मग बायकोने बाल्कनीत बांधली. कपडे वाळत घालायला ती फार सोयीची होती.

"मग काढा ते कार्ड आणि लावा ती वायर. झालं!" बायको म्हणाली.

"असं कसं झालं?" लिफ्टवाल्यांना हा उपाय म्हणजे आपल्या धंद्याचा अपमान वाटला. "बिघाड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कशाला हात लावत नाही. लोक सांगायचे, लिफ्ट मध्येच थांबते. आम्ही गेलो की गपगुमान वरखाली जायची. मी काय करायचो? आत स्टूल टाकून बसायचो. दिवसभर वर-खाली, वर-खाली. शेवटी थांबायचीच. मग तिथल्या तिथे पकडायचो तिला."

"मुलाखत शुक्रवारी आहे."

"त्याच्या आत पकडतो."

आणि ते कंप्युटरसमोर स्टूल टाकून बसले. "आता कुणी हात लावायचा नाही," असं त्यांनी घरातल्या एकुलत्या एका माणसाला बजावलं. कंप्युटर दिवसभर मुकाट चालला. लिफ्टवाले डोळ्याची पापणी न लववता बसून राहिले. संध्याकाळी पाठ धरली म्हणून ते जरा पाय मोकळे करायला बाल्कनीत गेले. तेवढ्यात बायकोने बहिणीला लावलं, आणि बाल्कनीतून परत येतात तर मेहुणी पुन्हा अडकलेली, या वेळी जांभई देताना.

"मी असताना का नाही होत?" लिफ्टवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी बोलत असताना होतं म्हणून सांगतेय ना—"

"थांब, मला विचार करू दे."

त्यांनी साडूभाऊंना फोन केला. साडूभाऊ म्हणाले, "बंद करून चालू करून पाहिलंत का?" लिफ्टवाल्यांनी फोन बंद केला, तो परत चालू केला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सीपीयूचा डबा उघडला. बायकोच्या पावडरीच्या ब्रशने आतली धूळ झाडली. रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या आणि परत बसवल्या. कार्डाचं सॉफ्टवेअर काढलं, नवं घातलं. अँटेना उजवीकडे वळवली, मग डावीकडे, मग वर. प्रत्येक उपायानंतर ते स्टुलावर बसून वाट बघायचे, आणि कंप्युटर काही केल्या हँग व्हायचा नाही. मग त्यांनी कार्डच काढून टाकलं आणि कार्डाशिवाय तो कसा चालतो हे पाहायला त्यावर पत्त्यांचा डाव मांडला.

"तपासणी चाललीय का डाव?" बायकोने दारातून विचारलं.

"तपासणी. काळी राणी इथे ठेवू का?"

"लाल राजावर ठेवा. आणि हँग होत नसेल तर चांगलंच आहे ना?"

"चांगलं कसं? कार्ड नसताना चालतो म्हणजे दोष कार्डात. पण कार्ड असताना माझ्यासमोर हँग झाला तर ना सिद्ध होणार! हँग झालाच पाहिजे!"

बायकोने कपाळावर हात मारला. एकाच घरात एक माणूस कंप्युटर हँग होऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेलं आणि दुसरं तो हँग व्हावा म्हणून. शेवटी तिने निर्वाणीचं सांगितलं: शुक्रवारी सकाळी काहीही होवो, कपडे काढून वायर सोडायची, ती लावायची आणि मुलाखत वायरवर द्यायची. लिफ्टवाल्यांनी मान्य केलं. पण मुलाखत अकराला होती, तेव्हा दहापर्यंतचा वेळ आपला, असं त्यांनी मनातल्या मनात धरलं.

शुक्रवारी सकाळी कार्ड पुन्हा आत होतं, डब्याची एक बाजू उघडी होती आणि लिफ्टवाले बॅटरी घेऊन टेबलाखाली आडवे झाले होते. बाल्कनीत नुकतेच पिळून टाकलेले कपडे निथळत होते. तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. कंपनीतली मुलगी बोलत होती. साहेबांना अकराला बाहेर जायचंय, तर ताई, आत्ताच बसाल का? साहेब वाटच बघतायत.

बायकोने बाल्कनीकडे पाहिलं. दोरीवर दोन चादरी, एक पडदा आणि लिफ्टवाल्यांचे झाडून सगळे पायजमे होते. मग तिने टेबलाखालून बाहेर आलेल्या दोन पायांकडे पाहिलं.

"बसते," ती फोनवर म्हणाली. आणि फोन ठेवून पायांना म्हणाली, "हलायचं नाही. बोलायचं नाही. आणि तो हँग झाला ना, तर मी तुमच्याशी आयुष्यात बोलणार नाही."

पडद्यावर साहेब आले. जाड भुवया, टाय, मागे फ्रीजचं मोठं चित्र. टेबलाखालून लिफ्टवाल्यांना फक्त आवाज ऐकू येत होता. बायकोचा आवाज त्यांनी असा कधी ऐकलाच नव्हता. मऊ, पण कुठे पडता नाही. एक्स्चेंजमध्ये ती अशीच बोलत असणार. तो ऐकताना त्यांना पहिल्यांदाच मनापासून वाटलं की आज हा हँग होऊ नये. बिघाड सापडला नाही तरी चालेल, पण हिची नोकरी जाऊ नये.

"आता मी चिडलेलं गिऱ्हाईक होतो," साहेब म्हणाले. "तुम्ही मला सांभाळायचं. तयार?"

"तयार आहे, साहेब," बायको म्हणाली आणि सराव करून करून बसवलेलं हसू तिने चेहऱ्यावर आणलं.

"अहो बाई, हा काय फ्री—"

आणि आवाज तुटला. साहेबांच्या भुवया वर गेल्या त्या तिथेच राहिल्या. माउसचा बाण थिजला.

"झाला! हँग झाला! सापडला!" टेबलाखालून आरोळी आली.

ती तोंडातून निघून गेली आणि लिफ्टवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वरून शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी हळूच डोकं बाहेर काढलं. बायको दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती. तिचे डोळे भरले होते.

"बंद करून चालू करतो," ते पुटपुटले.

"तोवर साहेब थांबणारेत का?" ती कशीबशी म्हणाली. "मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. बोलायला लागले की थोड्या वेळाने होतं. ऐकलंत एकदा तरी?"

लिफ्टवाले पुन्हा टेबलाखाली घुसले. करायचं काय ते सुचेना म्हणून त्यांनी कार्डाला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं. कार्ड तव्यासारखं तापलं होतं. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. चेहरे दाखवत बोलायला लागलं की कार्डाला दम लागत होता. थोड्या वेळाने ते तापायचं आणि मान टाकायचं. ते स्वतः नुसते बघत बसायचे तेव्हा बिचाऱ्याला काही कामच नव्हतं, तर तापणार कशाने? बायकोने अगदी हेच सांगितलं होतं. त्यांनी गाल फुगवले आणि कार्डावर जीव खाऊन फुंकर घालायला सुरुवात केली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, नाकात धूळ गेली, तरी ते फुंकत राहिले.

आणि बाण हलला. साहेबांच्या भुवया खाली आल्या. बायकोने झटक्यात डोळे पुसले, पदर सावरला आणि हसू जागेवर आणलं.

"—समजलं का तुम्हाला? आता बोला!" साहेब धापा टाकत म्हणाले. त्यांचा टाय एका खांद्यावर गेला होता.

तिने यातलं एक अक्षर ऐकलेलं नव्हतं. खोटं तरी काय बोलणार? ती म्हणाली, "माफ करा. आपलं म्हणणं मला नीट ऐकायचंय. पुन्हा एकदा सांगाल का?"

साहेब खुर्चीत मागे टेकले. "कमाल आहे," ते म्हणाले. "इतकं बोललो मी तुम्हाला. टेबलावर हात आपटला, तुमची अक्कल काढली. तुमच्या चेहऱ्यावरचं हसू तसूभरही हललं नाही. डोळ्याची पापणी नाही लवली! कालपासून जेवढ्या लोकांना भेटलो, ते सगळे माझ्याशी भांडले तरी किंवा रडले तरी."

"पुन्हा सांगाल ना?" ती म्हणाली, कारण तिला खरंच ऐकायचं होतं.

साहेबांनी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा खालच्या पट्टीत. फ्रीज थंड होत नाही, मागून नुसता तापतो, तुमच्या माणसाने येऊन पाहिला तेव्हा मात्र छान चालला. तिने मध्ये एकदाही तोंड न घालता सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती वेळ चालल्यावर तापतो? आणि तो तापतो तेव्हा तुम्ही काय करत असता?"

टेबलाखाली फुंकर मारता मारता लिफ्टवाले क्षणभर थांबले. हा प्रश्न त्यांनी बायकोला एकदा विचारला असता, तर हे दिवस वाया गेले नसते. पण कार्ड पुन्हा तापायला लागलं होतं. ते निमूटपणे फुंकायला लागले आणि मुलाखत संपेपर्यंत फुंकत राहिले.

नोकरी मिळाली. वायर परत आली आणि भिंतीच्या कडेने खिळे मारून पक्की झाली. बाल्कनीत नवी दोरी लागली. लिफ्टवाले कार्ड परत द्यायला साडूभाऊंकडे गेले आणि ते तापून कंप्युटर कसा हँग होतो, हे त्यांना सविस्तर समजावून सांगायला लागले.

"हो, हो, तापतंच ते," साडूभाऊ म्हणाले. "आमचाही हँग व्हायचा. म्हणून तर काढून ठेवलं होतं."

ते ऐकून लिफ्टवाले तडक घरी आले. सगळं त्यांनी जेवताना बोलायला काढलं. साडू कसा आहे इथपासून सुरुवात झाली. मग धूळ कशी झाडली, रॅम कशी घासली, अँटेना कुठे कुठे वळवली, आपल्याला संशय तर पहिल्यापासूनच कसा होता, आणि अखेर बिघाड आपण रंगेहाथ कसा पकडला. बायको समोर बसली होती. चेहऱ्यावर मंद हसू, मान किंचित कललेली, घास हातातच. लिफ्टवाल्यांना बोलायला आणखी हुरूप आला. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं की ते हसू तसूभरही हललेलं नाही आणि पापणीही लवलेली नाही.

त्यांनी तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. "अगं? ऐकतेयस ना?"

बायकोची पापणी लवली. मान सरळ झाली. आवाज मऊ आला, कुठेही न पडता.

"माफ करा. आपलं म्हणणं मला नीट ऐकायचंय. पुन्हा एकदा सांगाल का?"

लिफ्टवाल्यांचा चेहरा खुलला. ताट बाजूला सारून त्यांनी मांडी सावरली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.