वरच्या मजल्याची तपासणी

पडेगावात माझ्यासारखा घरमालक शोधून सापडायचा नाही, असं त्या दिवशी सकाळी मी दाढी करता करता स्वतःलाच सांगितलं. आमच्या भागात एका भाड्याच्या खोलीला आग लागली होती. तेव्हापासून महापालिकेच्या एक मॅडम घरोघरी तपासणी करत फिरत होत्या. आज आमची पाळी. जिन्यासमोर मीटरच्या बाजूला मी आग विझवायची नवी कोरी लाल टाकी टांगली. हार घालायचा तेवढा ठेवला.

वर आमचे भाडेकरू, मल्हारी आणि मंजुळा. तो चितेगावच्या कंपनीत कामाला. तिचे दिवस भरत आलेले. मल्हारी बरेच दिवस म्हणत होता, "काका, मीटरपाशी चरचर वाजतंय. वायरमन बोलवा."

"वाजतंय म्हणजे लाईट चालू हाय," असं मी त्याला समजावलं होतं.

मॅडम आल्या. बोलणं कमी, बघणं जास्त. जिन्याच्या पायथ्याशी लोखंडी सरकतं गेट बघून म्हणाल्या, "हे कशाला?"

"सुरक्षा, मॅडम. चोर सोडा, मांजर शिरत नाय."

आम्ही आत आलो आणि मी गेट ओढून कुलूप दाबून दाखवलं. खट्.

"किल्ली?"

मी खिसे चाचपले. किल्ली माझ्या बायकोच्या, आशाबाईच्या जुडग्यात आणि आशाबाई दळण घेऊन गिरणीत. फोन लावला तर तिचा मोबाईल गेटपलीकडं आमच्याच घरात वाजला.

"येईल आता. तोवर वर बसू," मी म्हणालो.

वर मल्हारी सुट्टीवर होता. मॅडमनी खिडक्यांच्या जाळ्या हलवून बघितल्या. गच्चीचं दार विटांनी बुजवलेलं बघितलं. भाडेकरूंनी वर वाळवण घालू नये म्हणून ते मीच बुजवलेलं.

"आग लागली तर ही माणसं उतरणार कुठून?"

"आपल्याकडं आग लागतच नाय, मॅडम. वायरिंग बघा कसं दणकट हाय." असं म्हणून मी गिझर लावला, कूलर लावला, इस्त्री लावली, आणि चहासाठी विजेची शेगडी.

"काका, नका लावू," मंजुळा हळूच म्हणाली.

बल्ब मिणमिणला. मग जळक्या रबराचा वास आला. मॅडम उठल्या. जिन्यातून काळा धूर वर येत होता.

आम्ही तोंडाला रुमाल लावून खाली धावलो. गेटपलीकडं मीटरच्या पेटीतून ठिणग्या उडत होत्या. शेजारी टाकी लटकत होती, हातभर अंतरावर. मी गजांतून हात घातला. बोटं पोचेनात. वरून मंजुळाचा खोकला ऐकू येत होता. थांबत नव्हता.

मल्हारीनं कपडे वाळवायचा बांबू आणला आणि गजांतून मेन स्विचच्या दांडीकडं सरकवला. पहिला फटका टाकीला बसला. ती निसटली आणि गडगडत अंगणात गेली.

"टाकी गेली की रे," मी म्हणालो.

"काका, बाजूला व्हा."

दुसऱ्या फटक्यानं दांडी खाली आली. ठिणग्या थांबल्या. धूर मात्र थांबेना. तेवढ्यात आशाबाई फाटकातून आली. धूर बघून तिनं पिठाचा डबा तिथंच टाकला. जुडग्यातली योग्य किल्ली तिच्या हाताला लागेना. कुलूप उघडलं तेव्हा मल्हारीनं मंजुळाला धरून बाहेर आणलं आणि लिंबाखाली बसवलं. ती पाणी प्यायली, पोटावर हात ठेवून बसली, आणि मग म्हणाली, "हलतंय." आशाबाईला रडू आलं. मीही तोंड फिरवलं.

मॅडमनी चष्म्यावरची काजळी पुसली. "वायरिंग नवं होईस्तोवर अन् ते गच्चीचं दार उघडेस्तोवर वर कुणी राहायचं नाही. यांची सोय तुम्ही करायची."

"पिशोरला आमच्या भावाचं घर मोठं हाय," मी सुचवलं.

"ह्या दिवसात तिला तेवढ्या लांब पिशोरला धाडता व्हय?" आशाबाई म्हणाली. "आपली आतली खोली हाय की. तुम्ही ओसरीवर निजा."

पुढं मंजुळाला मुलगी झाली. वायरमनचं काम अजून चालूच आहे. काल दुपारी मी पाणी प्यायला माझ्याच घरात शिरलो, तर तांब्या जरा वाजला. आतून मल्हारीचा दबका आवाज आला, "काका, जरा हळू. आत्ताशी झोपलीय."

मी तसाच तहानलेला चवड्यावर ओसरीला परत आलो.