मंजूर हनुवटी

जिवंत माणूस थोडा तरी हलतो. जाहिरातवाल्यांनी हे आता मान्य केलंय, ही समाजाला दिलासा देणारी गोष्ट आहे. आधी बाईचा फोटो काढायचे, पुसून पुसून गुळगुळीत करायचे आणि बोर्डवर चिकटवायचे. आता डिजिटल बोर्ड आलेत. तोच गुळगुळीत फोटो इंदिरानगरला आमच्या स्टुडिओत येतो आणि आम्ही त्याला हलवतो. (मी हे व्हिडिओ बघून शिकलो. जे रीतसर शिकलेत तेही तेच व्हिडिओ बघतात.)

नियम सोपे. आठ सेकंदांत बाईनं दोनदा पापण्या मिटायच्या. तिसऱ्यांदा मिटल्या की झोप आल्यासारखं वाटतं. श्वास खांद्यापर्यंतच. हसायचं, पण गाल हलवायचे नाहीत, कारण गाल हलला की सुरकुती पडते आणि सुरकुती मंजूर फोटोत नाही. मंजूर फोटोत नाही ते हलत्या फोटोत येणार नाही. फार चांगला नियम आहे. कुणाचीच चूक राहत नाही.

मार्चमध्ये रिटायर्ड लोकांच्या फ्लॅटची जाहिरात आली. फोटोत माझी तानूमावशी. (नाव मीच सुचवलेलं. त्यांना अस्सल साठीची बाई हवी होती.) केस साठीचे ठेवले होते, गाल पंचविशीचे. हनुवटीवरचं हिरवं गोंदण गायब. मावशी पाच वर्षांची असताना तिच्या आईनं निपाणीच्या बाजारात ते गोंदवून घेतलं होतं.

मावशीचा फोन आला. "बाकी काय पुसायचं ते पूस रे. गोंदण तेवढं ठेव. महांतेशअण्णा येणारे बघायला."

महांतेशअण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ. अकरा वर्षं अबोला. बोर्डसाठी का होईना, येतो म्हणाला होता.

मी ते परत बसवलं. हनुवटीबरोबर ठिपकाही हलला. मीटिंगला अकरा जण. सात जणांना माशी दिसली, तिघांना डाग, एक म्यूटवर होता. आमचे साहेब अभिमन्यूअण्णा म्हणाले, "गोंदण आहे मॅडम. कल्चर."

"कल्चर छानच," क्लायंटच्या रम्या मॅडम म्हणाल्या. "स्वल्प कमी करा."

कमी करत करत शून्यावर आणलं. मीच. दोन क्लिक. वर "सरी मॅडम", म्हणजे कन्नडमध्ये 'बरं मॅडम', असंही म्हणालो.

बोर्ड लागला हेब्बाळला. तिथल्या ट्रॅफिकमध्ये गाडी सरासरी चौदा मिनिटं उभी असते, त्यामुळे जाहिरात बघितली जातेच.

आम्ही तिघं फूटपाथवर उभे. महांतेशअण्णानं आठ सेकंद बघितलं. परत आठ.

"ही तानू न्हवं. आईनं काढलेलं गोंदण कुठाय?"

"मीच हाय अण्णा."

"अकरा वर्सांनी बोलवलंस, ते बी खोटं सांगून?"

मी मध्ये बोललो. पण मी घरचा, म्हणजे सामील. तो पिशवी उचलून बसस्टॉपकडे वळला.

तेव्हा मावशी थांबलेल्या गाड्यांमध्ये शिरली. परक्या कुणी एकानं 'हो, ह्याच त्या' म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिनं एका गाडीच्या अर्ध्या उघड्या काचेवर टकटक केलं. "जरा बघून सांगता का, वरची बाई मीच ना?"

काचेबाहेर मावशी: हनुवटीवर गोंदण, हलणारे गाल. आत तुम्ही. तुम्ही न बघताच काच वर केलीत. मग बोर्डकडे बघितलंत. वरच्या बाईनं पापण्या मिटल्या, हसली. तुम्हीही हसलात. मी नीट बघत होतो, माझं कामच ते. तुमचेही गाल हलले नाहीत.