डाव्या गालाची शांतता

वहिनींच्या चेहऱ्याची आग होते, हे घरात सर्वांना मान्य होतं. कशाने होते, यावर चर्चेची आवश्यकता कुणाला वाटली नव्हती. कुणी तिरकं बोललं की दोन्ही गाल लालबुंद आणि वहिनी बेसिनपाशी. त्यामुळे एका क्रीमच्या चाचणीसाठी ‘संवेदनशील त्वचेची व्यक्ती’ हवी आहे असं कळताच यजमानांनी परस्पर त्यांचं नाव देऊन टाकलं.

“कातडीत मज्जातंतू असतात,” प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. “आमच्या क्रीममधला घटक त्यांना सांगतो, जाऊ दे, सोडून दे.”

“हे तर आमच्या सासूबाईही सांगतात.”

“त्यांचं तंतू ऐकत नाहीत.”

तुलना शास्त्रशुद्ध व्हावी म्हणून क्रीम फक्त डाव्या गालाला लावण्यात आलं. उजवा नियमानुसार होता तसाच राहिला.

थोड्याच दिवसांत डावा गाल थंडगार पडला. जेवताना डावीकडे बसलेले यजमान म्हणाले, “भाजी अळणी झालीये. तुझ्या माहेरी मीठ मिळत नव्हतं का?” गाल ढिम्म. दुसऱ्या दिवशी हेच वाक्य त्यांनी उजवीकडून म्हणून पाहिलं, तर त्यांच्यासमोरचं ताट उचललं गेलं.

घराने योग्य तो बोध घेतला. सासूबाईंनी खुर्ची डावीकडे ओढली. लेकीने नापास झाल्याचं डाव्या कानात सांगितलं. वहिनी शिवण शिकवायच्या त्या वर्गाची मालकीणही डावीकडून आली आणि रविवारीही यायला सांगून गेली. सोफ्याच्या उजव्या टोकावर धूळ साचू लागली.

यथावकाश दुसरा टप्पा मंजूर झाला: उजवा गाल.

“बरं झालं बाई,” सासूबाई म्हणाल्या, “आता कुठंही बसता येईल.”

वहिनींनी डबी परत केली.

“अहो, पण त्या गालाचा त्रासच होतो ना तुम्हाला?” डॉक्टरीणबाई चक्रावल्या.

“होतो की. पण तो पेटला की मला कळतं, कुणीतरी मला बोललंय. डावीकडून कोण काय काय बोलून गेलं, मला पत्तासुद्धा नाही.”

त्यांनी डाव्या गालालाही क्रीम लावणं बंद केलं. घरात हाहाकार माजला. लोकांना बोलण्यापूर्वी विचार करावा लागू लागला.

कंपनीने मात्र अहवाल समाधानकारक मानला. व्यक्तीवर परिणाम: निम्मा. कुटुंबीयांवर परिणाम: संपूर्ण. क्रीम बाजारात आलं आणि दुकानाबाहेर रांग लागली.

“तुमची त्वचा कशी आहे?” विक्रेतीने पहिल्या गिऱ्हाइकाला विचारलं.

“माझी? ठणठणीत! बायकोसाठी हवंय.”

“मला सासऱ्यांसाठी.”

“मोठा डबा येतो का हो? माझ्या हाताखाली बरीच माणसं आहेत.”

संध्याकाळपर्यंत साठा संपला. स्वतःसाठी एकानेही नेलं नाही.

हे वाचून तुम्हाला कुठेच काही झोंबलं नसेल, तर जरा आरशासमोर उभं राहा. तुमच्यासाठी कुणीतरी आधीच नेलेलं दिसतंय.