भालेरावांचं नाजूक पोट

पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी एकदा कपाटातून आरपार चालत गेलो. निदान भालेरावांचं म्हणणं तसं होतं.

"राव, दार तिकडंय," ते म्हणाले. "तुम्ही आत्ता कपाटातून आत आलात."

जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीने एक लांबट चौकोन आखला होता आणि त्याच्या टोकाला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर भालेराव बसले होते, नसलेलं स्टिअरिंग धरून. मी मुकाट्याने मागे गेलो, दारातून आत आलो, आणि त्यांनी सांगितलं म्हणून डोकंही वाकवलं.

भालेराव चाकणच्या एका कंपनीतून क्वालिटीचे साहेब म्हणून निवृत्त झाले. सगळा जन्म गाड्या तपासण्यात गेल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या लेखी एकतर 'ओके' असते, नाहीतर 'रिवर्क'. आमच्या मुलीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी जिन्यातच 'किरकोळ रिवर्क' असा शेरा दिला होता. तो आता आमचा जावई आहे. रिवर्क चालू आहे.

या भालेरावांना एक जुनी व्हॅन घेऊन तिचं चाकावरचं घर करायचं होतं. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, सगळं. आणि त्या घरात बसवून सुमनवहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हिंगोलीकडे माहेरी न्यायचं होतं. वहिनी कित्येक वर्षांत तिकडे गेल्या नव्हत्या. गाडी लागते म्हणायच्या. थोरली बहीण थकली होती. फोनवर तिचं एकच पालुपद, "मी गेल्यावरच येणार का गं?"

"पण गाडी लागते त्या माणसाला गाडीतच ठेवणार?" मी विचारलं.

"आधी ट्रायल, मग प्रॉडक्शन," भालेराव म्हणाले. हे त्यांचं सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर.

अभ्यास म्हणजे किती करावा? व्हॅनमध्येच घर करून फिरणाऱ्या परदेशी जोडप्यांचे व्हिडिओ त्यांनी पाठ केले. "गिटार आहे, कुत्रा आहे," ते चिडून म्हणायचे, "पोळपाट कुठाय?" आरटीओत तर गाडीत कोणते बदल चालतात हे विचारायला ते इतक्या वेळा गेले, की शेवटी तिथला एजंटच त्यांना नियम विचारू लागला. कासारवाडीत एका जुन्या सामानाच्या दुकानात पलंगाची फळी घेताना ते तिच्यावर आडवे झाले, कूस बदलली आणि दुकानदाराला म्हणाले, "ओके." दुकानदार चहा सांगून बसला होता. त्याला वाटलं, आता हे झोपणार.

पण त्यांचा खरा जीव होता संडासात. चिकटपट्टीच्या चौकोनात सगळ्यात ऐसपैस कोपरा त्याचा. तिथे दोरीवर जुनी साडी टांगून, आत रंगाची बादली पालथी घालून भालेराव बसायचे आणि मला बाहेर उभं करायचे.

"सावली दिसते का, राव?"

"नाही."

मग ते आत तांब्याने उंचावरून पाणी ओतायचे. "आता आवाज?"

"येतोय की."

"रिवर्क," आतून हताश आवाज यायचा.

जाणाऱ्या-येणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून पळायच्या. चेअरमननी विचारलं तेव्हा भालेराव गंभीरपणे म्हणाले, "माझं पोट नाजूक आहे, साहेब." तेव्हापासून अख्खी सोसायटी त्यांना 'नाजूकराव' म्हणते. मी मात्र चक्रावलो होतो. या माणसाला मी रिकाम्या पोटी मिसळीवर दोनदा तर्री घेताना पाहिलंय.

यथावकाश व्हॅन आली. शाळेची जुनी गाडी होती. 'हात बाहेर काढू नये' हे आतलं वाक्य भालेरावांनी तसंच ठेवलं, चांगली सूचना आहे म्हणून. पलंग बसेना, तेव्हा मी म्हणालो, "संडास काढून टाका. रस्त्यात पेट्रोल पंप आहेत, हॉटेलं आहेत. तुमचं भागेल."

भालेरावांनी हातातला पाना खाली ठेवला.

"माझं भागतंय हो. मी झाडामागं पण जातो. हिला गाडीबिडी काही लागत नाही. माहेरी निघायचं म्हटलं, की ही आदल्या दिवसापासून पाण्याचा थेंब घ्यायची नाही. रस्त्यात जायचं कुठं? मला वाटायचं, उपास असेल. मग मुतखड्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं, तेव्हा बोलली. मला नाही, त्यांना." त्यांनी फडक्याला हात पुसले. "गाड्यांचे दरवाजे तपासत राहिलो, राव. आतला माणूस कुणी तपासायचा?"

मी पाना उचलून त्यांच्या हातात दिला.

"सोसायटीत बोलू नका. पोट माझंच राहू द्या."

सोसायटीत मी अजून बोललेलो नाही. छापलेलं आमच्याकडे कुणी वाचत नाही.

पलंग आखूड झाला. भालेराव त्यावर पाय दुमडून झोपतात.

निघायच्या सकाळी माझी बायको खाली चहा घेऊन आली. नवी कोरी साडी नेसून वहिनी भालेरावांशेजारी बसल्या होत्या. गाडी चालू होती. वहिनींनी कप रिकामा केला आणि परत पुढे केला.

"अजून असला तर दे गं. आणि तांब्याभर पाणी पण."

भालेरावांनी इंजिन बंद केलं.

"सावकाश पी," ते म्हणाले.