तीन अक्षरं जास्त

ग्रिगोरेच्या थडग्यावर लावायच्या लाकडी क्रुसावर तोआदेर सुताराने कोरलेली कविता वाचून लेऑन्टिन मास्तरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. त्या गावात मेलेला माणूस आपल्या क्रुसावरच्या कवितेतून स्वतःच बोलतो, आणि खरं बोलतो. होरिंका या गावठी दारूचा शौकीन ग्रिगोरे म्हणत होता:

होरिंका मी खूप प्यालो,
रोज उशिराने आलो;
नुत्सा उठली लाटणं घेऊन,
तेव्हा सरळ मी झालो.

"तिसऱ्या ओळीत तीन अक्षरं जास्त आहेत!" मास्तर कडाडले. "शिवाय रसाचा पत्ता नाही. मृत्यू म्हटला की करुणरस हवा. असं लिही: नुत्सा रडली एकटी. आठ अक्षरं, चोख."

ग्रिगोरेची बायको नुत्सा तिथेच उभी होती.

"मी रडले? कधी?"

"कवितेत, नुत्साबाई."

"कवितेतसुद्धा नाही! आणि अक्षरं कसली मोजताय? आमचा माणूस कधी मोजून प्यायला होता का? त्याने मरताना सांगितलं, लाटण्याचं नक्की लिहा."

मास्तर तडक पाद्रीबाबांकडे गेले. बाबांना वृत्तातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण देवळाच्या आवारात लाटणं म्हणजे फार झालं, असं त्यांनाही वाटलं. ती ओळ असेल तर क्रुसाला आशीर्वाद मिळणार नाही, असा निरोप आला. तोआदेर बिचारा कात्रीत सापडला. त्याने तिसरी ओळ रंध्याने तासून टाकली.

"आता मास्तरांची ओळ कोरू का, काकू?"

"हात तर लावून बघ! जागा तशीच राहू दे."

रविवारी निळाशार क्रूस उभा राहिला. सारं गाव जमलं. नुत्सा पुढे झाली, शालीखालून हातोडी काढली आणि त्या मोकळ्या जागी स्वयंपाकघरातलं लाटणं खिळ्यांनी ठोकून बसवलं. लोक दोन ओळी वाचत, लाटण्याकडे बघत, चौथी वाचत आणि पोट धरून हसत.

"हे वृत्तात बसत नाही!" मास्तर ओरडले.

"मोजा की अक्षरं," नुत्सा म्हणाली. "एक तरी जास्त आहे का?"

बाबांनी मुकाट्याने तीर्थ शिंपडलं. ओळ नव्हतीच, तर अडवणार कशाला?

माणसं पांगली. नुत्सा मागे राहिली. तिने लाटण्यावरून हात फिरवला आणि तिला हुंदका आवरेना. वळून बघते तर मास्तर टोपी हातात घेऊन उभे.

"काय बघताय?" ती डोळे पुसत खेकसली. "खबरदार हे कुठे लिहाल तर!"

"छे छे," मास्तर म्हणाले. "बसतच नाही वृत्तात."