डोरीनचा नवरा भलत्याच कोपऱ्यात

एल्डन ब्रन्सव्होल्डला राजकारणाचा तिटकारा होता असं नव्हे. तिटकारा यायलासुद्धा थोडं लक्ष द्यावं लागतं, आणि तेवढंही त्यानं कधी दिलं नव्हतं. दर चार वर्षांनी अध्यक्षपदाचे डझनभर उमेदवार आयोवा राज्यावर टोळधाडीसारखे उतरत, भेटेल त्याच्याशी हात मिळवत, दिसेल त्या बाळाचा पापा घेत. अशा वेळी एल्डन कानातलं यंत्र काढून खिशात टाकी आणि बर्फ वितळेपर्यंत सुखानं राही.

त्याची बायको डोरीन मात्र यात गळ्यापर्यंत बुडालेली. यंदा ती गव्हर्नर टॉलिव्हर यांच्यासाठी उन्हाळ्यापासून गावातलं दार न् दार ठोठावत होती. (एल्डनला तिनं कधी विचारलं नव्हतं. घरचं मत घरातच आहे, जाणार कुठं, असा तिचा समज.)

पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानाच्या संध्याकाळी एल्डन स्वयंपाकघरात आला आणि ओव्हन उघडून बघतो तर आत नुसता अंधार.

"डोरीन, माझं जेवण कुठाय?"

"शाळेत."

"शाळेत? ते कशाला?"

"हॅम आणि बटाटे ओव्हनमध्ये भाजून कॅसरोल केला होता, तो सगळ्यांसाठी पुढं पाठवलाय. मतदार उपाशी असला की डळमळतो."

एल्डननं क्षणभर विचार केला. घरात थंड दूध आणि पाव होता. शाळेत कॅसरोल होता.

"मग मीही येतो," तो म्हणाला.

हातमोजे चढवता चढवता डोरीन थबकली. "खरंच येतोस? माझ्यासाठी?"

आता इतक्या वर्षांच्या संसारानंतर कुठला शहाणा नवरा अशा प्रश्नाला 'बटाट्यांसाठी' असं उत्तर देईल? एल्डननं मान डोलावली.

गाडीत डोरीननं त्याला सगळं समजावलं. "इथं पेटी नाही, पडदा नाही. ज्याचा त्याचा कोपरा. आपल्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं आणि डोकी मोजून होईपर्यंत हलायचं नाही. शंभरात पंधरा जमली तर गट टिकला, नाहीतर बाद. तू एवढंच कर, हीटरच्या बरोब्बर समोरच्या कोपऱ्यात उभा राहा. ऐकलंस ना?"

कानातलं यंत्र खिशात होतं आणि गाडीचा पंखा घोंघावत होता. एल्डनला 'हीटर' तेवढं ऐकू आलं. कल्पना त्याला पसंत पडली. बाहेर थंडी नुसती हाडं फोडत होती.

शाळेच्या व्यायामशाळेत पाऊल टाकल्याबरोबर त्यानं बशी शिगोशीग भरून घेतली आणि हीटरला पाठ लावून बाकावर ठाण मांडलं. डोक्यावर 'हार्टविग' अशी पाटी होती. ती त्यानं वाचली. पण पाट्या काय, शाळेत असतातच. आजूबाजूची माणसं मात्र त्याला पाहून कमालीची हरखली. "अरे वा, एल्डन! तुम्ही आमच्यात?" कुणी हात हातात घेतला, कुणी पाठ थोपटली, एका बाईनं त्याला अ‍ॅपल-पायची मोठी फोड आणून दिली. स्कूलबसच्या ड्रायव्हरकीतून निवृत्त झाल्यापासून त्याला पाहून इतका आनंद कुणाला झाला नव्हता. तो सगळ्यांकडे बघून हसला आणि मान हलवत राहिला. (ऐकू न येणाऱ्या माणसाला ही सवय लागते. हिच्यापायीच जगातले निम्मे घोटाळे होत असतील.)

पलीकडच्या कोपऱ्यातून डोरीन दोन्ही हात वर करून त्याला खुणावत होती. एल्डनला भरून आलं. त्यानंही काटा उंच करून हलवला.

सभेच्या अध्यक्ष होत्या शाळेच्या ग्रंथपाल मिस ट्वीडी. त्यांनी खुर्चीवर उभं राहून शिट्टी मारली आणि डोकी मोजली, ती बरोब्बर शंभर भरली. मग काहीतरी जाहीर केलं, त्याबरोबर एल्डनच्या आसपास एकच जल्लोष झाला आणि अ‍ॅपल-पायवाल्या बाईनं त्याला मिठीच मारली. समोर डोरीनचा चेहरा पांढराफटक पडलेला. तो चेहरा पाहून मात्र एल्डनचा हात आपोआप खिशाकडे गेला. यंत्र कानात बसलं तेव्हा मिस ट्वीडी म्हणत होत्या, "...हार्टविग, पुरते पंधरा, गट टिकला. टॉलिव्हर, चौदा. एक डोकं कमी."

एल्डन ताडकन उठला. "अहो, हे डोकं घ्या की! हे तिचं आहे!"

"ते गावाला ठाऊक आहे, एल्डन," कुणीतरी ओरडलं आणि व्यायामशाळा खो खो हसली.

"टिकलेल्या गटातल्या माणसाला गट बदलता येत नाही," मिस ट्वीडी म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम."

"पण मी कॅसरोल खायला बसलो होतो!"

"लोकशाहीत कारण विचारत नाहीत. बसा खाली."

डोरीन जवळ आली. ती आदळआपट करील अशी त्याची अपेक्षा होती, ती परवडली असती. पण ती हळूच म्हणाली, "एल्डन, इतक्या वर्षांत तू एकदा तरी माझं ऐकलंस का रे?" आणि परत फिरली.

ते एल्डनच्या हाडांत शिरलं.

बाद गटांतल्या माणसांना दुसरा कोपरा धरायला थोडा वेळ दिलेला होता. ती माणसं केव्हाच इतर टिकलेल्या गटांत वाटली गेली होती. उरला होता एकच, झेंड्याच्या काठीपाशी एकटा उभा असलेला रोलँड पिट्झर. रोलँड म्हणजे एल्डनचा शेजारी. एल्डनच्या बर्फ हटवायच्या यंत्रानं उडवलेला ढीग एकदा रोलँडच्या टपालपेटीवर पडला, त्यावरून दोघांत अबोला होता. डोरीनच्या गटातले सगळे त्याला विनवून हात हलवत परतले होते.

एल्डन त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. हा त्याच्या आयुष्यातला पहिला प्रचार. "रोलँड, टॉलिव्हर हे फार... म्हणजे त्यांचं धोरण फार..."

"काय आहे धोरण?"

"मला काय ठाऊक!" एल्डन म्हणाला. "तू कुणाकडून उभा आहेस?"

"पेल्हॅमकडून. अख्ख्या खोलीत मी एकटाच." रोलँडनं टोपी हातात फिरवली. "हरणार, ते मलाही कळतं. पण तो माणूस मत मागायला आला नि माझ्या स्वयंपाकघरात तासभर बसला. फ्रिजवरचा वर्नाचा फोटो पाहून म्हणाला, कशा होत्या हो तुमच्या पत्नी? ती गेल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं."

दोन घरांमध्ये एक कुंपण, आणि परक्या राज्यातला माणूस येऊन ते विचारून गेला होता.

"ती मोठ्यानं हसायची," एल्डन म्हणाला. "आमच्या अंगणात ऐकू यायचं. यंत्र नसतानासुद्धा."

रोलँडनं वर पाहिलं.

"रविवारी जेवायला ये. टॉलिव्हरचं सोड. तू इथंच उभा राहिलास तरी ये."

"ही लाच आहे," रोलँड म्हणाला.

"सकाळी डोरीनबरोबर चर्चला जावं लागेल आणि नंतर तिचे भाचेजावई भेटतील. लाच कसली, शिक्षा आहे."

रोलँडच्या ओठाचा कोपरा हलला. त्यानं टोपी डोक्यावर ठेवली, सावकाश व्यायामशाळा ओलांडली आणि डोरीनच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मिस ट्वीडींनी शिट्टी मारली. टॉलिव्हर टिकले! डोरीननं रोलँडला मिठी मारली आणि त्याच्या खांद्यावरून एल्डनकडे असं काही पाहिलं, की त्याला लग्नाआधीचे दिवस आठवले.

तो छाती फुगवून हीटरपाशी परतला, तर सगळे टाळ्या वाजवू लागले. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, अधिवेशनाला प्रत्येक गटाचा एक प्रतिनिधी जातो. हार्टविगच्या गटात कुणीच तयार नव्हतं, म्हणून तो गेलेला पाहून त्यांनी त्यालाच एकमतानं निवडून टाकलं होतं.

परतताना गाडी डोरीननं चालवली. "टॉलिव्हरकडून मी जाणार आहे," ती म्हणाली. "म्हणजे तिथं तू माझ्याविरुद्ध. भाषणही करावं लागेल हं तुला."

"करीन की," एल्डन म्हणाला. कौतुकाची चव त्याला आता लागली होती. "मी ठणकावून सांगणार, हार्टविगसारखा सज्जन, कर्तबगार, बायकोच्या अर्ध्या वचनात राहणारा पुरुष अख्ख्या अमेरिकेत सापडायचा नाही."

डोरीननं गाडी कडेला घेऊन थांबवली. हसू आवरेना, म्हणून तिनं कपाळ स्टिअरिंगला टेकवलं.

"एल्डन," ती कशीबशी म्हणाली, "हार्टविग बाई आहे."