होडीतलं बारावं माणूस

एकटं फिरण्यासारखं सुख नाही, असं उत्तराबाईंनी शेजारच्या संपदाला ठासून सांगितलं होतं. कुणासाठी थांबायला नको, कुणाच्या पिशव्या धरायला नकोत. संपदानं मान डोलावली, पण 'मीही येते' काही म्हणाली नाही. उत्तराबाईंना ते लागलं. मग त्यांनी एकटेपणाचे आणखी दोन फायदे सांगितले आणि दार लावून घेतलं.

सहल होती नाशिकबाहेरच्या धरणापलीकडल्या, कधीच बंद पडलेल्या वीजघराची. आधी होडी, मग पायी फेरी. त्या दिवशी दोन होड्या होत्या. एकीत उत्तराबाईंसारखे सुटे प्रवासी, त्यांची वाटाड्या पल्लवी. दुसरी दिंडोरीच्या एका मोठ्या कुटुंबानं अख्खी घेतलेली, तिच्यावर रोहित. सगळ्यांच्या अंगावर एकसारखी नारिंगी जाकिटं. ती चढवली की आमदार काय नि आजी काय, सगळे भोपळेच दिसत होते.

वीजघरात एका अजस्र यंत्रावर पितळी पाटी होती, यंत्राखाली खोल खड्डा. चष्मा पुसून ती वाचण्यात उत्तराबाई रंगल्या. मान वर केली तर पल्लवी नाही. पुढं नारिंगी पाठी दिसल्या, त्यांच्यामागे त्या झपाझप गेल्या. बऱ्याच वेळानं कळलं, की पाठी चुकल्या आहेत.

तोवर दिंडोरीकर मंडळी सावलीत भाकऱ्यांची फडकी सोडून बसली होती. घरच्या थोरल्या कमळाबाईंनी उत्तराबाईंच्या हातात भाकरी-ठेचा ठेवला. त्यांना वाटलं, या सुनेच्या माहेरच्या. सुनेला, संजनाला वाटलं, सासूच्या कुणी लांबच्या. दोघींनी दुप्पट आग्रह केला. सांगावं, असं उत्तराबाईंच्या मनात दोनदा आलं; पण दोन्ही वेळा तोंडात घास होता. शिवाय एक लहान मुलगी त्यांच्या मांडीला टेकून झोपली होती. घास संपला तरी त्या हलल्या नाहीत.

परतताना त्या मुलीला कडेवर घेऊन उत्तराबाई त्यांच्याच होडीत चढल्या. रोहितनं माणसं मोजली. बारा. बरोबर. होडी निघाली.

पाण्याच्या मध्यावर कमळाबाई म्हणाल्या, "आत्या कुठं हाय?"

सुमनबाई आत्या. रुसून बाजूला बसायची त्यांना सवय, म्हणून कुणी लक्षच दिलं नव्हतं. आता मात्र सगळे उभे राहिले. होडी डुलली आणि रोहित ओरडून सगळ्यांना खाली बसवू लागला. त्याचं एकच म्हणणं, आलात बारा, निघालात बारा, मग हरवेल कोण? त्यानं पुन्हा मोजलं. बारा. कमळाबाईंनी मोजलं. बारा. त्यांच्या मुलानं, नवनाथनं, उलटीकडून मोजलं तरी तेच.

"मंग आत्या यातच असल," कुणीतरी म्हणालं आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे निरखून बघू लागले.

उत्तराबाईंच्या मांडीवर ती मुलगी अजून झोपलेली होती. वीजघरात यंत्राखालचा तो खोल खड्डा त्यांना आठवला. त्याला कठडाही धड नव्हता.

"मी तुमच्यातली नाही," त्या म्हणाल्या.

कमळाबाईंनी सुनेकडे पाहिलं, सुनेनं कमळाबाईंकडे. पोरीला कुणीतरी हलकेच उचलून घेतलं. होडी वळली.

मग वीजघरात धावाधाव. खड्ड्यात विजेऱ्या मारल्या, बंद खोल्यांची दारं ढकलली. सगळ्यांत मोठ्यानं "आत्या" म्हणून हाका उत्तराबाईच मारत होत्या. आयुष्यात त्यांनी कुणाला आत्या म्हटलं नव्हतं. खड्डा रिकामा निघाला. मोबाइलला रेंज नव्हती. शेवटी, पल्लवीला विचारू, म्हणून सगळे अलीकडच्या धक्क्यावर आले.

सुमनबाई तिथं बाकावर बसून कुल्फी खात होत्या. जाकीट बघून त्या पल्लवीच्या होडीत चढल्या होत्या. उत्तराबाई कमी, सुमनबाई जास्त. पल्लवीचीही मोजणी बरोबर आली होती. म्हणजे उत्तराबाईंना कुणी शोधत नव्हतंच.

काय घडलं ते कळल्यावर सुमनबाईंनी उत्तराबाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुमची जागा लय वंगाळ हो बाई. इंजिनापाशी. सगळा धूर नाकात."

सगळे हसले. उत्तराबाईही हसल्या. गाडीत बसताना कमळाबाईंनी आग्रह केला, चला, वाटेत घरी सोडतो. उत्तराबाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "नको, माझी सोय आहे." सोय कसली? येताना रिक्षा केली होती आणि ती केव्हाच परत गेली होती. गाडीची धूळ खाली बसेपर्यंत त्या हात हलवत राहिल्या.

बराच वेळ रिक्षा आली नाही. रोहित धक्क्याला कुलूप लावून मोटारसायकलवर आला नि हसत थांबला.

"काय मॅडम, तुमची माणसं गेली का? बसा, सोडतो."

"हो," उत्तराबाई म्हणाल्या, "पुढं गेलीत." आणि पदर सावरून त्याच्या मागच्या सीटवर बसल्या.